गेटपाशी आठ इंच

आधी वंदनाताईंचं नाव लिहिते. मागाहून लिहिलं तर राहून जाईल, अशी भीती वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते. हे लिहितानाही दोनदा पान फाडलं. आठवीनंतर पेन फारसा हातात आला नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. चुकलं असेल तर समजून घ्या. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ताई अजून तिथेच कामाला आहेत. त्यांना विचारलं, तुमचं तरी नाव घालू का? म्हणाल्या, "घाल. खुर्चीसकट घाल."

आता काय झालं ते.

नागपुरात मनीषनगरातली शाळा. अकरा वाजून गेलेले. दिवाळी होऊन गेली होती, तरी ऊन टोचत होतं. शाळेच्या दारात चार पायऱ्या आहेत, वर ओटा. त्या ओट्यापासून गेटकडे उतरणारा रॅम्प आम्ही बांधत होतो. मुरूम भरून झाला होता. ओट्याच्या कडेपासून गेटजवळच्या खुंटीपर्यंत दोरी ताणलेली. त्या दोरीच्या बरोबर काँक्रीट पडायचं. मी ओट्याच्या कडेवर उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात ओला माल.

तेवढ्यात गणिताचे सर दहावीचा वर्ग घेऊन बाहेर आले. तीस-पस्तीस पोरंपोरी. सरांच्या हातात टेप, बगलेत पुस्तक.

"आज रेषेचा चढ प्रत्यक्षात काढायचा," सर म्हणाले. मग वर बघून, "ए बाई, तिथेच थांब. हलू नकोस."

मला वाटलं पायाशी साप-बिप निघाला. मी थिजून उभी राहिले.

सरांनी गेटजवळच्या खुंटीपाशी एक वीट ठेवली. "हा पॉइंट ए." मग माझ्याकडे बोट केलं. "ही पॉइंट बी."

पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, "बी फॉर बाई!" अजून हसली.

ए साठी वीट. बी साठी मी.

सरांनी दोन पोरांना टेप दिला. एकाने ओट्याच्या भिंतीला लावून खालून वर मोजलं. दोन फूट. दुसऱ्याने भिंतीपासून दोरीच्या कडेने खुंटीपर्यंत मोजलं. चोवीस फूट. वह्या उघडल्या. सर सांगत होते, उभं अंतर वर, आडवं अंतर खाली, भागाकार करा. घमेल्यातलं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. सिमेंटचं पाणी. ते घामासारखं वाळत नाही, चावतं. मला घमेलं उतरवायचं होतं. पण सरांनी हलू नको म्हटलं होतं. मी सरांना घाबरते. कोणत्याही सरांना. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी.

"किती आला?"

"वन बाय ट्वेल्व्ह, सर!"

"शाब्बास. नियमाप्रमाणे रॅम्प बाराला एकच पाहिजे. बरोबर आहे." मग सर थांबले. माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे घमेल्याकडे. "आणि हे पण लिहून घ्या. ज्याने गणित सोडलं त्याचा जन्मभर पॉइंट बी होतो. डोक्यावर घमेलं. कळलं?"

पोरं हसली. काही हसली नाहीत. पण वहीत काहींनी खरंच लिहिलं. मी वरून बघितलं.

मी गणित सोडलं नव्हतं. हे मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं. माझं गाव गडचिरोलीच्या पार आतल्या अंगाला आहे. गावात शाळा आठवीपर्यंत. नववीला बारा किलोमीटर, मधे नाला, नाल्यावर पूल नाही. पावसाळ्यात चार महिने ती शाळा माझ्यासाठी दुसऱ्या देशात होती. पहिल्याच वर्षी हजेरीतून नाव काढलं. आठवीत गणितात माझा वर्गात दुसरा नंबर होता. पहिला गुरुजींच्या पोराचा. मग मावशीसोबत नागपूरला आले आणि रेजा झाले. आमच्याकडे बांधकामावर माल वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. मिस्त्री पुरुष, रेजा बाई. मिस्त्रीच्या हातात थापी, रेजाच्या डोक्यावर घमेलं. हे कोणी ठरवलं माहीत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

वंदनाताई कोण, ते आता सांगते.

त्या शाळेच्या लायब्ररीत बसतात. पुस्तकं देतात, घेतात, फाटलेली चिकटवतात. लहानपणी पोलिओ झालेला. चाकाची खुर्ची. रोज सकाळी दोन शिपाई त्यांना खुर्चीसकट उचलून चार पायऱ्या चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. शाळेची तपासणी होणार होती, म्हणून रॅम्प मंजूर झाला. तोवर नऊ वर्षं त्या उचलून नेल्या जात होत्या.

एका सकाळी शिपाई आले नव्हते. मला आणि मिस्त्रीला बोलावलं. आम्ही खुर्ची उचलली. माझा हात घसरला, खुर्ची कलली. ताईंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला.

"सांभाळ वं! मी काही सिमेंटचं पोतं नाही."

मी वरमले. वर गेल्यावर घाबरत म्हणाले, "माफ करा ताई. रॅम्प झाला का तुम्ही एकट्याच जासान."

"बाराले एक असला त जाईन. नाही त हेच."

"बाराले एक म्हणजे?"

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. रेजा असं विचारत नाही बहुतेक. "बारा फूट चाललं तर एक फूट चढायचं. त्याच्यापेक्षा उभा झाला का माझे हात पुरत नाहीत, खुर्ची मागे येते. शिकली किती तू?"

"आठवी."

"मंग काहून अशी बोलून राहिली, जशी काही शिकलीच नाही?"

त्या दिवसापासून डबा खायच्या सुट्टीत मी लायब्ररीच्या खिडकीखाली बसायचे. ताई आतून, मी बाहेरून. रद्दीत निघालेलं दहावीचं भूमितीचं पुस्तक त्यांनी मला दिलं. कव्हर नव्हतं, पहिली सोळा पानं नव्हती. पण रेषेचा चढ होता. दोन बिंदू, उभा फरक, आडवा फरक. मी म्हणाले, "ताई, हे तर आमच्या बांधीतलं आहे." आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. रोवण्याच्या आधी बाबा बांधीत पाणी सोडायचे आणि पायाच्या अंगठ्याने मोजत फिरायचे. इथे घोट्यापर्यंत, तिथे चार बोटं. म्हणजे जमीन इकडे खाली, तिकडे वर. पाणी वरून सपाटच राहतं, जमीन नाही राहत. बाबांना आकडे येत नव्हते. चढ येत होता.

ताई खिडकीतून हसल्या. "हेच आहे वं. पुस्तकवाल्याईनं फक्त त्याले कपडे घातले."

मग एकदम म्हणाल्या, "रॅम्पमध्ये काही चूक दिसली तर बोलशील का?"

 प्रकाशभाऊ आमचे ठेकेदार. मावशी वारल्यावर मला कोणी ठेवत नव्हतं. एकटी बाई, जोडीला माणूस नाही. प्रकाशभाऊंनी ठेवलं. प्रत्येक साइटवर माझ्या खोलीला आतून कडी लावून दिली. हे उपकार लहान नाहीत. मी म्हणाले, "ताई, मी कशी बोलू? भाऊ काम देतात."

"बरं," ताई म्हणाल्या. राग नव्हता त्यात. तेच जास्त लागलं.

तर मी ओट्यावर. पॉइंट बी. सर पुस्तकातलं दुसरं उदाहरण काढत होते. खाली भिंतीजवळ मिस्त्रीने पाण्याचा ड्रम खंगाळला आणि पाणी जमिनीवर ओतलं.

पाणी निघालं. मी वरून बघत होते, मला हलायचं नव्हतं ना. भिंतीपासून निघालं, मुरुमाच्या कडेकडेने सरळ गेटकडे. थांबलं नाही. वळलं नाही. विटेपाशी गेलं आणि वीट भिजली.

 गेटकडे जमीन खाली आहे.

सरांच्या पोरांनी उंची भिंतीजवळ मोजली होती. दोन फूट. पण रॅम्प भिंतीजवळ सुरूच होत नाही. तो गेटजवळ सुरू होतो. आणि गेट भिंतीपेक्षा खाली आहे. म्हणजे चढायचं दोन फूट नाही, त्याच्याहून जास्त. प्रकाशभाऊंनीही तसंच मोजलं असणार. भिंतीला टेप लावला, दोन फूट, बाराने गुणलं, चोवीस फुटांवर खुंटी ठोकली. पावसाळ्यात याच शाळेच्या दुरुस्तीवर असताना इथलंच पाणी मी खराट्याने गेटकडे लोटलं होतं, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोरी आली की आम्ही जमीन बघत नाही.

मी घमेलं उतरवलं.

फेकलं नाही. लोक सांगताना म्हणतात, तिने फेकलं. नाही. दोन्ही हातांनी खाली ठेवलं. माल सांडू दिला नाही.

"ए, तुला थांब म्हटलं ना?" सर.

"सर, जमीन सपाट नाही."

"काय?"

"पाणी पाहा. गेटकडे गेलं. गेटपाशी जमीन खाली आहे. उंची तिथून मोजा लागते."

एवढं बोलायला माझा श्वास संपला.  खरंच सांगते, घाबरले होते. आता लोकांना वाटतं मी शूर होते.

सर हसले. "वा. पॉइंट बी बोलायला लागला." पोरं हसली, पण या वेळी कमी.

मी खाली उतरले. लेवल पाइप घेतला. पारदर्शक नळी असते, आत पाणी, पन्नास फूट लांब. एक टोक इथे, एक टोक तिथे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत थांबतं. मधे काहीही असो. मिस्त्रीकडे दुसरं टोक धरा म्हणून बघितलं, तर त्याने नजर फिरवली. चष्मा घातलेली एक पोरगी वर्गातून पुढे आली. "मी धरते, काकू."

पहिल्यांदा पाणी खालीवर नाचलं. जमेचना. सर म्हणाले, "झालं? दाखवा आता विद्या." नळीत हवेचा बुडबुडा होता. बुडबुडा राहिला तर लेवल खोटी येते, हे रेजाला माहीत असतं, कारण पाणी भरून आणायचं काम तिचंच. मी नळी उन्हात ताणून धरली, टिचक्या मारत बुडबुडा टोकापर्यंत नेला आणि काढून टाकला. पाणी थांबलं.

"मोज," मी पोरीला म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

भिंतीजवळ जमिनीपासून पाण्यापर्यंत चार फूट. गेटजवळ, विटेपाशी, चार फूट आठ इंच.

कोणी हसलं नाही.

चष्मेवाल्या पोरीने वहीत लिहिलं आणि हळूच वाचलं. "सर, म्हणजे उंची दोन फूट आठ. बत्तीस इंच. आडवं दोनशे अठ्ठ्याऐंशी. एक छेद नऊ येतो."

बाराला एक नाही. नवाला एक.

सरांनी टेप गुंडाळला. चिडले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, "हे बघा, अशा उदाहरणांत जमीन सपाट आहे असं गृहीत धरायचं असतं."

ते वाक्य मी विसरणार नाही. माझ्या नाल्यावर पूल आहे असं यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून तर यांच्या हिशेबात मी गणित सोडलं.

मी म्हणाले, "कागदावर धरा सर. ताईची खुर्ची कागदावर नाही चालत."

वंदनाताई ओट्यावर आल्या होत्या. मला कळलंच नाही कधी. चाकावर हात ठेवून म्हणाल्या, "सर, रॅम्प माझ्यासाठी बनून राहिला ना? नऊ वर्षांत मले एकदा तरी विचारायचं होतं, तुले किती चढता येते म्हणून."

सर वर्गाला आत चला म्हणाले. चष्मेवाली पोरगी नळीचं टोक माझ्या हातात देऊन गेली.

मग प्रकाशभाऊ आले. कोणीतरी फोन केला होता.

"काहून वं, सरांले शिकवून राहिली का तू?"

मी पाण्याच्या खुणा दाखवल्या. भाऊंनी बघितल्या. त्यांना एका नजरेत कळलं, हे मला कळलं. वीस वर्षं कामात आहेत.  मग खालच्या आवाजात म्हणाले, "लांबी वाढवाले जागा नाही. गेटच्या बाहेर रोड आहे. तपासणी सोमवारी. चाल, सरांची माफी माग आन् घमेलं उचल."

"भाऊ, भिंतीला लागून न्या ना रॅम्प. बाजूनं जमीन सपाट आहे, मी पाणी पाहिलं. तिथं दोन फूटच चढ. चोवीस फूट पुरते."

"तिथं संस्थेच्या साहेबाची गाडी राहते."

"गाडी दुसरीकडे लावतील."

प्रकाशभाऊ हसले. मनापासून हसले, जणू लहान पोरीने चंद्र मागितला. "पोरी, तुले समजत नाही का? रॅम्प फोटोसाठी आहे. गाडी रोजची आहे."

माझ्या डोळ्यांसमोर खोलीची कडी आली. आतून लागणारी. तिच्या आत मी दोन वर्षं न घाबरता झोपले होते. ती या माणसाने दिली होती. आणि मनगटावरचा वळ आला. तो वंदनाताईंनी दिला होता.

मी म्हणाले, "भाऊ, तुमचे उपकार आहेत. घमेलं मी उचलीन. या दोरीवर नाही टाकणार."

"मंग जाय."

मी गेले. चुंबळ कंबरेला खोचली, लेवल पाइप तिथेच ठेवला, तो भाऊंचा होता. खोलीतलं सामान एका पिशवीत मावलं. गेटमधून बाहेर पडताना पायाखाली उतार लागला. इतके दिवस चालत होते, कधी लागला नव्हता.

रॅम्प झाला. त्याच दोरीवर. सोमवारी तपासणी झाली, फोटो निघाले. फोटोत वंदनाताई रॅम्पच्या वरच्या टोकाला होत्या, कारण खालून वर एकटीला जमलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. अर्ध्यावर हात थकले, खुर्ची मागे आली, बोटांची सालटं चाकात गेली. त्यांनीच फोनवर सांगितलं. "झाला वं तुझा रॅम्प. प्रगती आहे. आधी उचलत होते, आता ढकलतात." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मी आता नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. कारखान्याच्या शेडमध्ये फरशी बसवायचं काम चालू आहे. इथे पहिल्याच दिवशी मी मिस्त्रीला म्हणाले, माल वाहीन, पण थापी शिकवा. तो म्हणाला, "बायांच्या हातून लेवल येत नाही." मी म्हणाले, "लेवल पाण्याची येते. हात कोणाचा, ते पाणी विचारत नाही." दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराची फरशी दिली. पाणी जाळीकडे गेलं. सगळं गेलं. एक थेंब कोपऱ्यात थांबला नाही. अजून मला मिस्त्री कोणी म्हणत नाही. घाबरते अजून.  पण माझ्या पिशवीत आता माझा स्वतःचा लेवल पाइप आहे.

रविवारी ताईंकडे जाते. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणायला गावाला जावं लागलं. नाला तसाच आहे. फॉर्म भरायला ताई सोबत आल्या होत्या. त्या ऑफिसलाही पायऱ्या होत्या. सात. ताई खाली थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "जा तू. मी मोजून ठेवते."

गणिताचा पेपर येईल. त्यात रॅम्पचं उदाहरण येऊ शकतं. जमीन सपाट धरून सोडवीन, मार्क घेईन. मला येतं ते. पण साइटवर धरणार नाही. कधीच नाही.

आणि ताई, हे तुमच्यासाठी. तुम्ही हे लायब्ररीत बसून वाचाल आणि शुद्धलेखन तपासाल, मला माहीत आहे. तुमचे उपकार मी शब्दांनी फेडणार नाही. दहावी होईन. मिस्त्री होईन. मग माझ्या नावावर काम घेईन आणि त्या गेटमधून आत येईन. नवाला एकचा तो रॅम्प माझ्या हाताने फोडीन. भिंतीला लागून नवा घालीन. चोवीस फूट आडवा, दोन फूट उभा, आधी पाणी लावून, बुडबुडा काढून. साहेबांची गाडी तिथे उभी असेल, तर तिला हलावं लागेल. तुम्ही खालून एकट्या निघाल. मी ओट्याच्या कडेवर उभी असेन, पॉइंट बी होते त्याच जागी. डोक्यावर काही नसेल. आणि तुम्ही वर पोचेपर्यंत मी खुर्चीला हात लावणार नाही.